बाबांचा मुडदा बसवताना

माणसाचं डोकं बरोब्बर पाच डोळ्यांएवढं रुंद असतं. हे कळल्यापासून माझं कुणाच्याही बोलण्याकडे लक्ष लागत नाही. भूगोलाच्या बाई पठारांबद्दल तळमळीनं सांगत असतात आणि मी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत त्यांचं डोकं मोजत असते. बाईंचं डोकं साडेपाच डोळे भरतं. यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीत चर्चाही झाली, पण त्या अर्ध्या डोळ्यावर नाही. विषय होता, ही मुलगी बाईंना डोळा का मारते. चित्रकार डोळा मारत नसतो, मिटत असतो, हा फरक मी मुख्याध्यापिकांना नीट समजावून सांगितला. मागच्या वर्षी मी त्या खोलीच्या दारातच रडले असते. यंदा मला आत्मविश्वास आला आहे. तो नेमका कुठून आला हे घरात कुणालाच माहीत नाही. आई म्हणते, कळलं तर परत करून येऊ.

मी चित्रकला शिकते तो स्टुडिओ एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली यंत्र सुरू झालं की वर सगळ्यांच्या रेषा थरथरतात आणि सर म्हणतात, "थांबा, छापू दे." आमचे सर बोलतात कमी आणि खोडतात जास्त. त्यांच्याकडे आल्यापासून मी फक्त नाक काढत होते. कुणाचंही नाही, नुसतंच नाक. पांढरं, प्लास्टरचं, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं आणि विचारलं, "काय मग, काय शिकतेस सध्या?" की मी सांगायची, "नाक." मग ते माझ्याकडे असे बघायचे की जणू खिशात रुमाल शोधत असावेत.

शेवटी सरांनी अट घातली. तेलरंगाच्या विभागात खिडकीजवळचा एक ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा करायची घोडी, रिकामा होता. समोर जिवंत माणूस बसवून त्याचं तैलचित्र करायचं आणि ते वार्षिक प्रदर्शनात लावायचं. चित्रातला माणूस जिवंत वाटला तर ईझल माझा. नाही वाटला तर पुन्हा नाक. बाबांनी हे ऐकलं आणि वर स्वतःचं कलम जोडलं. पुढचं वर्ष दहावीचं. ईझल मिळाला तर क्लास चालू राहील, पण पुन्हा नाकच काढायचं असेल तर शनिवार-रविवार गणिताची शिकवणी. म्हणजे एका बाजूला तेलरंग आणि दुसऱ्या बाजूला त्रिकोणमिती. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही बापाचा मुडदा बसवला असता.

घाबरू नका, हा सरांचा शब्द आहे. जुन्या पद्धतीच्या तैलचित्रात माणूस एकदम माणसाच्या रंगात रंगवत नाहीत. आधी नुसत्या हिरवट-राखाडी रंगात सगळा चेहरा उभा करायचा. नाक, गाल, सावल्या, सगळं जिथल्या तिथे, फक्त रक्त नाही. तो थर पुरता सुकला की त्यावर लालसर रंगाचे पातळ पातळ थर चढवायचे. खालचा हिरवा आणि वरचा लाल एकमेकांशी भांडले की कातडी जिवंत दिसते, असं सर म्हणतात. त्या पहिल्या थराला ते मुडदा म्हणतात. तो दिला की मुडदा बसवला. आमच्या वर्गात हे इतकं रुळलं आहे की माझ्या शेजारी बसणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई क्लासला उशीर झाला की आपल्या दवाखान्यातूनच फोन करून मोठ्यांदा विचारतात, "माझा मुडदा सुकला का गं?" त्यांचे पेशंट हल्ली कमी झालेत. कारण त्यांना कळत नाही.

मी ही बातमी घरी जेवताना जाहीर केली. "या रविवारी मी बाबांचा मुडदा बसवणार आहे."

आईच्या हातातली पळी ताटावर पडली. आमच्या घरात या शब्दांचा मान मोठा आहे. गॅस ऐन स्वयंपाकात संपला की फक्त तेव्हाच आई "मुडदा बसवला त्या सिलिंडरवाल्याचा" एवढं म्हणते आणि मग दिवसभर तिला अपराधी वाटतं.

"काय बोलतेस काय कार्टे!"

"अगं, तसं नाही. थराचं नाव आहे."

"मग दुसरं नाव ठेव. सुखाचं काहीतरी."

बाबा मात्र शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "किती वाजता बसू?" बाबा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क आहेत. न हलता बसण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं त्यांचं मत होतं. "आयुष्यभर तेच तर करतोय."

आता अडचण उजेडाची. चेहऱ्यावर उत्तरेचा उजेड पडायला हवा, कारण तो दिवसभर सारखा राहतो. आमच्या घराला उत्तरेकडे एकच खिडकी आहे आणि ती संडासात आहे. बाबा तिथेही बसायला तयार होते. पण ईझल आत मावेना, आणि आईनं विचारलं, "बाकीच्यांनी कुठे जायचं?" शेवटी उत्तरेचा उजेड सापडला जिन्यात. आमचं दार आणि समोरच्या काकूंचं दार यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिथल्या मोठ्या खिडकीतून तो नुसता ओसंडून वाहत होता आणि इतकी वर्षं चपलांवर वाया जात होता.

रविवारी सकाळी मी चपला हलवल्या, स्टूल ठेवलं आणि त्यावर ऑफिसचा कोट घातलेले बाबा ठेवले.

आधी समोरच्या काकू आल्या. काकू चित्राकडे बघत नाहीत, त्यातल्या चुका भरून काढतात. "केस थोडे वाढव गं. कोण मोजायला येतंय? आणि ती हनुवटी... आहे तशी नको काढूस, माणूस बापाची लाज राखतो." नंतर त्या घरात गेल्या आणि आरसा घेऊन आल्या, म्हणजे बाबांना आपलं तोंड कसं दिसतंय ते कळावं. ते कळल्यावर बाबांनी तोंड बदललं. भुवया वर, ओठ आत, मान ताठ. एखाद्या धरणाचं उद्घाटन करायला निघाल्यासारखं. मी म्हटलं, "बाबा, नेहमीसारखे बसा." ते ओठ न हलवता म्हणाले, "नेहमीसारखाच आहे." मी काय काढणार? धरणवाले बाबा काढू लागले.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना नियम पाठ आहेत आणि ते म्हणताना त्यांचे डोळे पाणावतात.

"जिन्यात कोणतीही वस्तू ठेवता येणार नाही. कलम आहे."

"वस्तू कुठे आहे? स्टुलावर बाबा आहेत."

सेक्रेटरींनी बाबांभोवती एक फेरी मारली. "हलत नाहीत ते."

"हलायचं नाहीच आहे त्यांनी."

"मग प्रश्न आहे. हलत नाहीत तोवर ही वस्तू धरावी लागेल. मधूनमधून हलले तर रहिवासी." आणि ते खरोखर तिथेच उभे राहिले. बाबा थोडा वेळ स्तब्ध राहिले की सेक्रेटरी खाकरत, मग बाबा रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून हात वर करत, आणि माझी खांद्याची रेषा छतापर्यंत जाई.

इतक्या छळातूनही मी मुडदा बसवला. दुपारपर्यंत कॅनव्हासवर हिरवेगार बाबा तयार झाले. काकूंनी पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "अगो बाई! पित्त आहे का यांना?" आई बाहेर आली, तिनं चित्राकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा चित्राकडे. "अहो, तुम्ही खरंच जरा हिरवट दिसताय." संध्याकाळी बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते म्हणाले, पेशंटला घेऊन येण्याआधी चित्र दाखवू नका, मन कलुषित होतं.

पण खरा घात व्हायचा होता. तेलरंग लवकर सुकत नाही. तो दिवसचे दिवस ओला राहतो आणि कुणाच्या तरी अंगाला लागायची वाट बघतो. दुसऱ्या दिवशी चित्र जिन्यातच सुकत उभं होतं आणि सेक्रेटरी तिथल्या बल्बची पाहणी करायला आले. वर बघत बघत मागे सरकले आणि बाबांना टेकले. आमच्या आधी ते काकूंना दिसलं. सेक्रेटरी आपला पांढरा शर्ट घालून रस्त्यानं ताठ मानेनं चालले होते आणि पाठीवरून बाबा गंभीर, हिरव्या चेहऱ्यानं सगळ्या बाजारपेठेकडे बघत होते. बँकेत गेले, दूध घेतलं, सगळीकडे बाबांना फिरवून आणलं. "माझ्या मागे कोणीतरी येतंय असं लोक का बघत होते कोण जाणे," असं ते रात्री म्हणाले. शर्टाचे पैसे देऊ का, असं बाबांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, नको, पण आता हे सामाईक जागेतून खासगी जागेत झालेलं अतिक्रमण आहे.

कॅनव्हासवर मात्र बाबांचा डावा गाल, अर्धी मिशी आणि सगळा आब गेला होता. मी पुन्हा मुडदा बसवला. सुकवण्याबाबत इमारतभर सल्ले निघाले. काकू म्हणाल्या, केस वाळवायचं यंत्र लाव. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, इस्त्री फिरव, पण प्रेमानं. आईनं व्यवहारी तोडगा काढला. फ्रीजच्या मागे गरम हवा येते, तिथे ठेवू. तिथे बाबा छान सुकले, फक्त बर्फ काढायला गेलं की ते फटीतून डोकावत.

प्रदर्शनाला एकच दिवस उरला आणि कातडीचा लालसर रंग अजून बाकी. तो दिवस कामाचा. मला परीक्षेआधीची सुट्टी होती, बाबांना नव्हती. बाबा तरीही सकाळी कोट घालून थेट स्टुलावर येऊन बसले. मला इतकं भरून आलं की मी त्यांना लगेच ओरडले, "कोटाची कॉलर वेगळी आहे!" मग विचारलं, "ऑफिसात सगळं सांगितलंय ना?" बाबांनी उत्तर दिलं नाही. कारण मीच हलायला बंदी केली होती. मी तो होकार धरला.

थोड्या वेळानं फोन वाजला. मी ब्रश दातात धरून उचलला. बाबांचे साहेब होते.

"हेडक्लार्क आहेत का घरी? कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे."

"आहेत, पण फोनवर येऊ शकणार नाहीत. हलता येत नाही त्यांना."

"अरे! काय झालं?"

"काही नाही, मुडदा तयार आहे. आता पुढचं उरकायचंय, उजेड आहे तोवर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "असं... असं अचानक?"

"अचानक कुठे काका, महिनाभर चाललंय. बाबांनीच कुणाला सांगितलं नसेल."

"काल तर ऑफिसात होते!"

"हो, पण तेव्हाच हिरवे पडले होते. रात्री फ्रीजमागे ठेवलं, म्हणून आज हाताळता तरी येतंय."

साहेबांनी घसा साफ केला. "बेटा, धीर धर."

"धीरच धरलाय. घाई केली की भेगा पडतात म्हणे."

"आई... आई कशी आहे?"

"वैतागलीय. म्हणते, एकदाचं उरका आणि जिना मोकळा करा."

मग साहेब अगदी हळू म्हणाले, "कधी नेणार?"

"उद्या सकाळी. पण ओले असतील, टेकवता येणार नाहीत. उभेच न्यावे लागतील टेम्पोतून."

"आम्ही येऊ का? शेवटचं बघायला?"

मला काय आनंद झाला! चित्र पुरं व्हायच्या आधीच रसिक घरी येणार! "या की सगळे! फक्त आल्यावर बोलायचं नाही, मला त्रास होतो."

फोन ठेवला आणि मी रंगाला भिडले. पण जमेना. लाल चढवला तर बाबा तापानं फणफणलेले दिसत, पुसला तर पुन्हा मुडदा. चूक रंगाची नव्हती. समोर तो धरणवाला चेहरा होता आणि त्या चेहऱ्याच्या आत कुणी राहतच नव्हतं. तुम्ही रिकाम्या घराला कितीही रंग द्या, खिडकीत कुणी दिसत नाही. उजेड चालला होता. मला डोळ्यांसमोर ते पांढरं नाक दिसायला लागलं, आणि नाकाच्या मागे त्रिकोण.

तेवढ्यात खालच्या जिन्यात पुष्कळ पावलं वाजली आणि थांबली. साहेबांना दम लागला होता. त्यांचा आवाज वर आला, "भाषण इथेच म्हणून घेतो एकदा. वर बाईमाणसांसमोर गडबड नको." मग खाकरणं, आणि मग, "आपले हेडक्लार्क आज आपल्यात नाहीत."

बाबांचे डोळे माझ्याकडे वळले. "अगं," ते ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "कोण नाहीये?"

मला फोन आठवला. एकेक वाक्य आठवलं. धावत जाऊन सांगायला हवं होतं, हे मला चांगलं कळत होतं.

"त्यांच्या हातून," साहेब म्हणाले, "कधी एक कागद गहाळ झाला नाही. मी रागावलो, तरी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास भरलेला असे. ते कोण ठेवतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं." कुणीतरी नाक ओढलं. एका बाईंचा आवाज आला, "माझी बदली त्यांनीच थांबवली. मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

आणि बाबांच्या चेहऱ्यावरून धरण कोसळलं. भुवया खाली आल्या, ओठ सुटले, कान हळूहळू लाल झाले. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. लाजलेला, चकित झालेला, आणि कुणी बघत तर नाही ना अशा बेतानं खूश.

"बाबा, हलायचं नाही!" मी कुजबुजले.

"नाही हलत. थोडं बोलू दे त्यांना अजून."

मी मुलगी म्हणून खाली धावायला हवं होतं. मी चित्रकार म्हणून उभी राहिले. कानांना लाल, गालांना पातळ गुलाबी, डोळ्यांच्या कडांना किंचित ओल. खालचा हिरवा आणि वरचा लाल असे कडाकडा भांडले की बस. खाली दोन मिनिटं शांतता पाळली गेली. ती दोन मिनिटं मला फार उपयोगी पडली.

मग साहेब म्हणाले, "कामाचा खोळंबा नको. उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर आपले सहायक बसतील."

या सहायकांना बाबा घरी 'वारसदार' म्हणतात. बाबा असे उठले की स्टूल जिन्यावरून खाली गेलं आणि त्याच्या मागून बाबा, हातात किल्ली नाचवत.

"कोण बसतंय माझ्या खुर्चीवर? कोण?"

किंकाळ्या फुटल्या. ऑफिसनं आणलेलं पुष्पचक्र कुणाच्या तरी गळ्यात अडकलं. बहुतेक वारसदारांच्याच. सेक्रेटरी धावत वर आले आणि ओरडले, "आता हलतायत! आता रहिवासी आहेत!" आई दार उघडून बघते तर तिच्या दारात अख्खं पाणीपुरवठा खातं रडवेलं होऊन उभं. ती म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?" कारण अशा वेळी आईला दुसरं काही सुचत नाही.

सगळा उलगडा झाल्यावर साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. "मी दुखवट्याची अर्धी सुट्टी मंजूर केलीय. आता तुम्ही जिवंत म्हटल्यावर रद्द करावी लागणार."

अख्ख्या ऑफिसनं बाबांकडे अशा नजरेनं पाहिलं की मला त्यांची काळजी वाटली. ती बदली थांबलेली बाईसुद्धा म्हणाली, "काय हो हेडक्लार्क, तुम्ही पण ना."

बाबांनी कोट झटकला. हेडक्लार्क बोलू लागला. "नियमात 'दुखवटा' लिहिलाय. मृत्यू लिहिलेला नाही. दुखवटा झाला की नाही? दोन मिनिटं उभे राहिलात की नाही? मग सुट्टी कायदेशीर आहे." टाळ्या पडल्या. इमारतीचे सेक्रेटरी तर कौतुकानं ते टिपून घ्यायला कागद शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाबा टेम्पोतून उभे स्टुडिओत गेले. चित्रातलेही आणि चित्र धरायला म्हणून खरेही. खाली मी पाटी लावली, 'बाबा ओले आहेत, हात लावू नये.' सर आले. चष्मा काढला, पुसला, लावला. जवळ गेले, लांब गेले. खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं आणि सगळं थरथरायला लागलं, पण सर "थांबा" म्हणाले नाहीत. तसेच बघत राहिले.

"नाक जरा वाकडं आहे," ते म्हणाले. माझं काळीज खाली छापखान्यात गेलं. "पण मुडदा उठलाय." आणि त्यांनी बोटानं खिडकीजवळचा ईझल दाखवला.

मी काय केलं ते लिहीत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी मिठी मारली तेव्हा त्यांच्या साडीला काय काय लागलं, तेही लिहीत नाही. बाबा त्रिकोणमितीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आई मात्र चित्रासमोरून हलेना. कमरेवर हात ठेवून ती त्या लाल कानांकडे, त्या खाली झुकलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"काय हो," ती शेवटी म्हणाली, "एवढ्या वर्षांत हा चेहरा मी घरात एकदाही पाहिला नाही. कुठे असतो हा?"

"घरी कसा असेल?" बाबा म्हणाले. "घरी मला कधी कुणी श्रद्धांजली वाहिलीय का?"